रक्त दिसलं की मूळव्याधच?

शौचाला रक्त पडलं की आपण ‘मूळव्याध असेल’ म्हणून मोकळे होतो. तिशीतल्या माणसाला दुसरी शंका येतच नाही आणि महिने निघून जातात. पण ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं, म्हणून कृपा करून आधी डॉक्टरांना दाखवा. अभिनेते चॅडविक बोसमन याच कर्करोगाने गेले, तेव्हा अवघे ४३ वर्षांचे होते.

तरुणांत हा आजार का वाढतोय? २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ११ देशांतल्या ९८१ गाठींचा डीएनए तपासला गेला. आतड्यातले काही ई. कोलाय जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. ते पेशीच्या डीएनएवर ठरावीक ओरखडे सोडतं, जणू बोटांचे ठसेच. चाळिशीआधी आजार झालेल्यांत हे ठसे सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा सुमारे ३.३ पट अधिक आढळले. ते बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. कर्करोग त्यामुळेच होतो, हे मात्र अजून सिद्ध व्हायचंय.