तळाच्या संघाने कोणत्या पोराला घ्यावं?

थंडी पडू लागली की वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, कामणपासून भिवंडीच्या रस्त्यावरच्या गावांपर्यंत, टेनिस क्रिकेटचे बॅनर झळकू लागतात. आता गावोगावी प्रीमियर लीग भरते आणि सामन्यांच्या आधी खेळाडूंचा रीतसर लिलाव होतो. हॉलमध्ये पडद्यावर खेळाडूचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं ‘ऑलराउंडर’. संघमालकांच्या टेबलांवर वही, पेन आणि मोबाइलमधला कॅलक्युलेटर. बोली लावायला सगळ्यांना पॉइंट सारखेच. आणि सगळ्यात जोरात कुजबूज चालते ती गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाच्या टेबलावर.

“दादा, हा अठरा वर्षांचा पोरगा घे. डावखुरा आहे, यॉर्कर टाकतो.”

“अरे, आपल्याकडे ओपनर कुठाय? बॅट्समन बघ आधी!”

या दोन वाक्यांत जगातल्या प्रत्येक व्यावसायिक संघाचा वाद सामावलेला आहे. हरणाऱ्या संघाने आपली उणीव भरून काढावी, की समोर दिसणारा सर्वांत गुणी खेळाडू उचलावा, मग त्याची जागा संघात असो वा नसो? अमेरिकेतले कोट्यवधी डॉलरचे फुटबॉल संघ दरवर्षी नेमकं याच प्रश्नावर डोकं फोडतात. गंमत म्हणजे त्यांनाही उत्तर सापडलेलं नाही.

अमेरिकेची पद्धत ऐकण्यासारखी आहे. १९३५ साली फिलाडेल्फिया ईगल्स या सतत हरणाऱ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी सुचवलं की कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना निवडण्याचा पहिला मान सर्वांत तळाच्या संघाला द्यावा, दुसरा त्याच्या वरच्याला, आणि विजेत्याने सगळ्यांच्या शेवटी निवडावं. जो हरला, त्याचा हात आधी! १९३६ मध्ये पहिली निवड झाली आणि पहिला मान अर्थातच ईगल्सना मिळाला. त्यांनी जे बर्वँगर या कॉलेजवीराला निवडलं. आणि हा पहिलावहिला निवडलेला खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! उलटं उदाहरण २००० सालचं. टॉम ब्रेडीचं नाव त्या वर्षी १९९व्या क्रमांकावर पुकारलं गेलं आणि पुढे त्याने सात वेळा सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामना जिंकला.

अपवाद कुठेही सापडतात, असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी किस्से बाजूला ठेवून वर्षानुवर्षांची आकडेवारी तपासली. थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेलविजेते. दोघांनी साधा प्रश्न विचारला: एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला पुढे सरस ठरतो का? सगळे तज्ज्ञ, सगळ्या चाचण्या, महिनोन्महिने पाहिलेल्या चित्रफिती पणाला लावून उत्तर आलं ५२ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५०!

हा आकडा जरा डोक्यात मुरू द्या. एका खेळाडूला शेजारच्या खेळाडूपेक्षा वरचा ठरवण्यासाठी अख्खं खातं राबतं आणि पदरात पडतात नाण्यापेक्षा दोन टक्के जास्त. यातून त्या दोघांनी काढलेला निष्कर्ष मला फार आवडतो: तळाच्या संघाने आपला मानाचा पहिला क्रमांक दुसऱ्याला द्यावा आणि बदल्यात खालचे दोन-तीन क्रमांक घ्यावेत. एका नाण्यापेक्षा तीन नाणी बरी.

आपल्याकडेही अशी निवड झाली होती, आणि ती एकोणीस वर्षांखालच्या मुलांची होती. आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, मार्च २००८ मध्ये. मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण नुकताच मलेशियात युवा विश्वचषक जिंकून आलेल्या पोरांसाठी बोली नव्हती. संघांनी पाळीपाळीने नावं घ्यायची होती. दिल्लीचाच एक फलंदाज, त्या विश्वविजेत्या संघाचा कर्णधार, यादीत होता आणि त्याला घेण्याची संधी दिल्लीकडे बंगळुरूच्या आधी आली. दिल्लीने काय केलं? प्रदीप सांगवान या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला घेतलं. विराट कोहली बंगळुरूला गेला.

दिल्लीला आज हसणं सोपं आहे, पण क्षणभर त्यांच्या खुर्चीत बसून बघा. सेहवाग, गंभीर, शिखर धवन, डिव्हिलियर्स, दिलशान एवढे फलंदाज हाताशी आहेत. आणखी एक कशाला? कमी आहे ती डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाची. कामणच्या पट्ट्यातल्या लिलावात कुणी म्हणालं असतं, “बॅट्समन झाले दादा, आता बॉलर घे,” तर आपण मान डोलावलीच असती. तर्क अगदी बरोबर होता. चुकलं ते फक्त काळाचं माप. संघाची उणीव त्या वर्षापुरती असते. एकोणीस वर्षांच्या मुलाची कारकीर्द पुढच्या पंधरा-वीस वर्षांची. कोहली २०२५ मध्ये बंगळुरूने करंडक उंचावला तेव्हाही त्याच संघात होता, अठराव्या मोसमात.

आता दहा वर्षं पुढे येऊ, आणि घराजवळही. कामण रोडहून वसई गाठा, तिथून लोकलने विरार. या विरारचा पृथ्वी शॉ लहानपणापासून किट घेऊन वडिलांबरोबर लोकलने वांद्र्याला सरावाला जायचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्याने ३३० चेंडूंत ५४६ धावा कुटल्या. त्यात चौकार ८५! तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. जानेवारी २०१७ मध्ये रणजीच्या उपांत्य सामन्यात, पदार्पणातच शतक. जानेवारी २०१८ च्या शेवटी आयपीएलचा मोठा लिलाव बंगळुरूत सुरू झाला, तेव्हा तो न्यूझीलंडमध्ये युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. म्हणजे मुलं तिकडे खेळत होती आणि इकडे त्यांच्या किमती ठरत होत्या.

तेव्हाचा गाळात रुतलेला संघ कोणता? पुन्हा दिल्लीच. २०१४ मध्ये शेवटचा क्रमांक, मग सातवा, मग सलग दोनदा सहावा. आणि समोर एकाच युवा संघातली ही सगळी रत्नं! कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी ताशी १४० किलोमीटरच्या वर चेंडू टाकत होते. शुभमन गिल धावांच्या राशी रचत होता. शॉ कर्णधार. अभिषेक शर्मा डावखुरा, थोडी फिरकीही टाकणारा. तुम्ही कोणाला घेतलं असतं?

बोली अशी लागली: नागरकोटी ३ कोटी २० लाख, मावी ३ कोटी, गिल १ कोटी ८० लाख, तिघेही कोलकात्याकडे. शॉ १ कोटी २० लाखांत आणि अभिषेक ५५ लाखांत दिल्लीकडे. त्याच संघातला अर्शदीप सिंग नावाचा गोलंदाज त्या लिलावातून कुणाकडेच गेला नाही. वर्षअखेरच्या लिलावात पंजाबने त्याला २० लाखांत घेतलं.

आता किमतीची ही उतरंड पुढच्या आयुष्याशी ताडून पाहा. सर्वांत महागडा नागरकोटी दुखापतींमुळे २०१८ आणि २०१९ हे दोन्ही मोसम खेळूच शकला नाही. गिल २०२५ मध्ये भारताचा कसोटी कर्णधार झाला. ५५ लाखांच्या अभिषेकने फेब्रुवारी २०२५ मध्ये वानखेडेवर इंग्लंडला ५४ चेंडूंत १३५ धावा चोपल्या. आणि ज्याला कुणी घेतलं नव्हतं तो अर्शदीप आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मध्ये शंभर बळी घेणारा पहिला भारतीय ठरला. उतरंड जवळजवळ उलटी झाली!

असं का होतं? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. पाय दिसतातही, पण पाठीचा कणा दिसत नाही. वेगवान गोलंदाज पुढचा पाय आपटतो तेव्हा त्याच्या वजनाच्या पाच पटींहून जास्त जोर शरीरातून वर चढतो, आणि त्याच क्षणी कंबर वळलेली, वाकलेली असते. कमरेच्या मणक्यांची हाडं विशीच्या मध्यापर्यंत पक्की होत असतात. म्हणजे अठराव्या वर्षी ज्याचा वेग डोळे दिपवतो, तो तरुण अर्धवट पिकलेल्या हाडांवर पूर्ण वाढलेल्या गोलंदाजाचा भार टाकत असतो. जो गुण त्याची किंमत वाढवतो, तोच त्याच्या हाडांना सर्वांत जास्त धोका देतो. ‘स्पीड गन’ वेग दाखवते, हाड मोजत नाही.

फलंदाजाचं गूढ याहून खोल. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातला साधारण एक पंचमांश सेकंद डोळ्याला दिसलेलं हातापर्यंत पोचण्यातच जातो. २००० साली मायकल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या शास्त्रज्ञांनी फलंदाजांच्या डोक्याला कॅमेरा बसवून त्यांची नजर टिपली. चेंडूवरून नजर काढू नको, असं प्रशिक्षक घसा कोरडा करून सांगतात ना? निष्णात फलंदाज नजर काढतो! तो चेंडू सुटताना पाहतो आणि मग डोळे एकदम उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबतात, चेंडूची वाट बघत. जितका खेळाडू चांगला, तितकी ही उडी लवकर. चेंडू कुठे पडेल हे त्याच्या मेंदूने आधीच ताडलेलं असतं.

हे कुठल्या धावफलकावर लिहिलेलं असतं? शालेय सामन्यातल्या ५४६ धावांवरून मनगट कळतं, भूक कळते, दिवसभर उभं राहण्याची ताकद कळते. पण शालेय गोलंदाजीहून कितीतरी वेगवान, आत येणारा चेंडू समोर येईल तेव्हा नजर वेळेवर उडी मारेल का, हे तो चेंडू येईपर्यंत खुद्द मुलालाही ठाऊक नसतं.

त्यात लिलावाची स्वतःची एक खोड आहे. ती तेलवाल्यांनी शोधली. मेक्सिकोच्या आखातात समुद्राच्या तळाशी किती तेल आहे याचा अंदाज बांधून कंपन्या बोली लावत, आणि जिंकणाऱ्या पुन्हा पुन्हा तोट्यात जात. १९७१ मध्ये तिघा तेल अभियंत्यांनी कारण मांडलं. न कापलेलं कलिंगड दहा जणांनी वाजवून पाहिलं आणि प्रत्येकाने त्याच्या गोडीचा अंदाज लावला, तर सगळ्यांची सरासरी बहुतेक बरोबर येईल. पण कलिंगड जातं कुणाकडे? ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याच्याकडे! लिलावात जिंकणं म्हणजे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त किंमत लावणं, आणि म्हणूनच विजेत्याने अंदाज फुगवलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

म्हणून मला दिल्लीची २०१८ मधली खरेदी शहाणपणाची वाटते: सर्वांत मोठ्या बोलीच्या मागे न लागता एकाच संघातले दोन गुणी फलंदाज मिळून पावणेदोन कोटींत. शॉने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कसोटी पदार्पणात १३४ धावा केल्या. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीकडून खेळताना त्याने पहिल्याच षटकात सहा चेंडूंवर सहा चौकार मारले, आणि गोलंदाज होता त्याचा युवा संघातला सोबती, ३ कोटींचा मावी. खटकतं ते दुसऱ्या नावाचं. पहिल्याच डावात १९ चेंडूंत नाबाद ४६ करणाऱ्या अभिषेकला दिल्लीने एका मोसमात सोडलं. शिखर धवनला परत आणण्यासाठी हैदराबादशी झालेल्या अदलाबदलीत तो गेला. पुन्हा तेच: चालू वर्षाची उणीव भरली आणि पुढची पंधरा वर्षं हातची गेली. हैदराबादने मात्र बरीच वर्षं थांबण्याची तयारी दाखवली, आणि माझ्या मते खरी पारख तिथेच झाली, लिलावाच्या टेबलावर नव्हे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात तर सगळेच धागे एकत्र आले. बिहारच्या तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर दिल्ली आणि राजस्थान यांच्यात चढाओढ लागली. दिल्ली थांबली, आणि १ कोटी १० लाखांवर मुलगा राजस्थानचा झाला. त्याच लिलावात विरारच्या पृथ्वी शॉला कुणी घेतलं नाही, आणि पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूरही अनसोल्ड राहिला. मग लखनौचा एक गोलंदाज जखमी झाला आणि त्याच्या जागी शार्दूलला बोलावणं आलं. दुसऱ्याच सामन्यात त्याने हैदराबादचे चार बळी घेतले आणि आयपीएलमधले आपले शंभर बळी पूर्ण केले.

१९ एप्रिल २०२५ रोजी जयपूरला चौदा वर्षांचा वैभव आयपीएलमधला आपला पहिला चेंडू खेळायला उभा राहिला, तेव्हा समोरून धावत आला तो हाच शार्दूल. वैभवने त्या चेंडूवर कव्हरच्या डोक्यावरून षटकार मारला. सामना मात्र लखनौने दोन धावांनी जिंकला.