वऱ्हाडातला चिमुकला समुद्र

आम्हा अकोलेकरांना समुद्राचे कौतुक भारी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला खारे पाणी लागले की माणूस कपाळाला हात लावतो; पण तोच चौपाटीवर ओंजळभर खारे पाणी जिभेला लावून आला की आठ दिवस घरात दुसरा विषय नाही!

माझी एक भाची अमरावतीला वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या दिवाळीत तिने सूक्ष्मदर्शक मांडला आणि आयोडीनचे थेंब घालून टिकवलेले दोन पाण्यांचे नमुने पुढे ठेवले. एक मालवणच्या किनाऱ्याचा, दुसरा लोणारच्या सरोवराचा.

"मामा, आधी हे बघा."

मालवणच्या थेंबात जत्राच भरली होती. कुणी होडीच्या आकाराचे, कुणी माळेत ओवलेले, कुणाला केसांसारखे काटे. पुष्कळांना वाळूतल्या सिलिकाचे कवच, तेही कुंकवाच्या करंड्यासारखे झाकणाचे. म्हणून मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात. पाण्यावर तरंगत सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या अशा जीवांना वनस्पती-प्लवक हे नाव आहे. दिसायला एवढेसे, पण पृथ्वीवरचे जवळजवळ निम्मे प्रकाशसंश्लेषण हेच करतात. आपली तारली नि बांगडा यांच्याच जिवावर पोसतात.

उष्ण समुद्रात मात्र हे सगळीकडे सारखे नसतात. तापलेले हलके पाणी दुधावरच्या सायीसारखे वर बसते आणि खते तळाशी अडकून राहतात. त्यामुळे निळाशार भर समुद्र बहुधा उपाशी, आणि नद्यांचा गाळ मिळणारा किनारा सधन. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचे थंड पाणीही वर येते, मग करंडकांची चंगळ! उन्हाळ्यात समुद्र शांत झाला की त्यांची जागा ट्रायकोडेस्मियम घेते. हवेतला नायट्रोजन वापरता येत असल्याने त्याला खताची ददात नाही. पाण्यावर लाकडाचा भुसा सांडावा तसे ते पसरते. ऋतू बदलला की मंडळी बदलते.

लोणारच्या थेंबात पाहिले, तर घड्याळाच्या कमानीसारखी वेटोळीच वेटोळी. दुसरे जवळजवळ काही नाही! ही स्पायरुलिना, औषधांच्या दुकानात हिच्या गोळ्या मिळतात. उल्कापाताने झालेल्या या सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवरातले पाणी समुद्राच्या शंभरपट अल्कधर्मी. तिथे भलत्यासलत्याचा निभाव लागत नाही, आणि जिला ते मानवते तिला सारे तळे आंदण. सरोवराचा हिरवा रंग तिचाच.

२०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झाले तेव्हा लोकांनी नाना तर्क लढवले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि मिठात रमणारे सूक्ष्मजीव बळावले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते दाखवून दिले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा मान मिळाला.

आता चिंता उलटी आहे. काठावरचे गोडे झरे सरोवरात उतरतात, पातळी चढते. २०२५ साली पाणी कमळजादेवीच्या देवळापर्यंत आले. पाणी वाढले की खार पातळ होतो, आणि खार हीच स्पायरुलिनाची तटबंदी. ती ढासळली तर गोड्या पाण्यातली शेवाळे आत शिरायला टपलेलीच आहेत. आणि ती बघायला लोणारला कशाला जायचे? अकोल्यातल्या कुठल्याही उघड्या टाक्यात ती सापडतात.