सातपुडा एकच, अपिलाचं दार मात्र निम्म्यांनाच

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन झाला. त्या दिवशीच्या भाषणांत वनपट्ट्यांचा विषय दरवर्षी निघतो. बुलडाणा जिल्ह्याची खरी अडचण मात्र त्यांत क्वचितच ऐकू येते.

जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आहे. भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल ही तिथली गावं. भिलाला, कोरकू, निहाल हे आदिवासी इथे राहतात. निहालांची निहाली ही भाषा तर मराठी, कोरकू किंवा द्राविडी, कुठल्याच कुळात बसत नाही. इतक्या जुन्या वस्तीच्या माणसाला वनपट्ट्यासाठी आज सिद्ध करावं लागतं की १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपण कसतो आहोत.

या रांगेच्या पश्चिमेला रावेर, यावल, चोपडा तालुक्यांतली आदिवासी गावं संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत आहेत. पूर्वेला मेळघाटही आहे. मधल्या बुलडाण्यातलं एकही गाव नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागूच होत नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. तो सगळीकडे लागू आहे, मग अनुसूचीवाचून अडतं कुठे? अडतं ते दावा नामंजूर झाल्यावर. ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती अशी ही चढण आहे आणि जिल्हा समितीचा निर्णय अंतिम. मे २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपिलाची सोय केली, पण फक्त अनुसूचित क्षेत्रांसाठी. म्हणजे मेळघाटातल्या धारणीच्या कोरकूला अमरावतीच्या आयुक्तांकडे दाद मागता येते. बुलडाणा जिल्हाही त्याच अमरावती विभागात आहे, तरी भिंगाऱ्याच्या माणसाला तिथे दार नाही. त्याने थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जायचं. हा अन्याय आहे, आणि तो निव्वळ नकाशामुळे झालेला आहे.

नकाशाचा हा खेळ जुनाच. १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत विदर्भात अनुसूचित जमातींची यादी मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ या तहसिलींपुरतीच होती. तोवर बुलडाण्याचा कोरकू सरकारच्या लेखी आदिवासीच नव्हता. ज्या सरकारने मोजलंच नाही, त्याच सरकारच्या कचेरीत जुना कागद कुठून सापडणार?

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी उदार आहे: शेताचा बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, दफनभूमी, देवस्थान, दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. यातले कुठलेही दोन पुरावे पुरेत. जबरानजोत, म्हणजे अतिक्रमण करून केलेली शेती, म्हणून वनखात्याने कधीकाळी फाडलेली दंडाची पावतीसुद्धा दावेदाराच्या कामी येते, कारण त्या तारखेला तो त्या जमिनीवर होता हे खुद्द खात्यानेच लिहून दिलेलं असतं. उपग्रह छायाचित्र हा पूरक पुरावा, त्याच्या जोरावर बाकीचे बाद करता येत नाहीत. गैरआदिवासी वननिवासींना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा आहे. ती गणती १९३० पर्यंत मागे जाते; तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा होता आणि कारभार इंग्रजांचा.

ऑस्ट्रेलियात एडी माबो हा मूळनिवासी कागदावाचून जमिनीवरचा हक्क सिद्ध करण्याच्या याच प्रश्नासाठी दहा वर्षं कोर्टात लढला. मरे बेटावरच्या मळ्यांच्या हद्दी वाडवडिलांपासून ठरलेल्या आहेत, हे त्याचं म्हणणं. ३ जून १९९२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही मालकी मान्य केली. माबो त्याआधीच, जानेवारीत वारला होता. तिथे जे न्यायालयाकडून मिळवावं लागलं, ते आपल्याकडे संसदेने कायद्यातच लिहून ठेवलं, ‘ऐतिहासिक अन्याय’ या शब्दांसह. एवढा चांगला कायदा हाताशी असताना दावा ‘पुराव्याअभावी’ फेटाळला जावा, याचा मला राग येतो.

अनुसूची बदलण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा आहे; राज्याने प्रस्ताव पाठवायला हवा. तोवर उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो आणि नामंजुरीचं कारण लेखी मिळणं हा दावेदाराचा हक्क आहे. ते कारण प्रत्येकाने मागून घ्यावं. पुढे नागपूरला जायची वेळ आली, तर वकील पहिल्यांदा तोच कागद मागेल.