आरोग्य केंद्र ‘बंद होणे’ म्हणजे काय?

लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या मोठ्या गावात शासकीय दवाखाना बंद पडण्याची चर्चा निघते, तेव्हा इमारतीला कुलूप लागणे असाच तिचा अर्थ बहुधा घेतला जातो. परंतु आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने हा अर्थ अपुरा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र (वैद्यकीय अधिकारी उपलब्ध असणारा शासकीय सेवेचा पहिला टप्पा) या संस्थेची कल्पना 1946 च्या भोर समितीच्या अहवालातून पुढे आली आणि सपाट प्रदेशात साधारण 30,000 लोकसंख्येमागे असे एक केंद्र व 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष पुढे रूढ झाला.

एसटीच्या थांब्याची पाटी शाबूत असली, तरी गाडी तेथे थांबेनाशी झाली की प्रवाशाच्या दृष्टीने थांबा उरत नाही. त्याचप्रमाणे डॉक्टर, परिचारिका किंवा औषधसाठा नसलेले केंद्र कागदोपत्री चालू राहूनही कार्यतः बंद झालेले असते.

असे केंद्र म्हणजे केवळ किरकोळ आजारांची बाह्यरुग्ण सेवा (दाखल न होता मिळणारे उपचार), हा समजही अपुरा आहे, कारण बालकांचे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, प्रसूती, क्षयरुग्णांच्या औषधोपचाराचा पाठपुरावा आणि साथरोगांवरील देखरेख ही कामेही त्याच्याकडेच असतात. केंद्राचे काम थांबल्यास रुग्णाला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते आणि सर्पदंश वा प्रसूतीतील रक्तस्राव अशा प्रसंगी मोलाचा वेळ प्रवासात जातो. म्हणून केंद्राचे मोजमाप इमारतीवरून नव्हे, तर भरलेल्या पदांवरून आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या सेवेवरून करणे योग्य ठरते.