हेल्मेटच्या काचेवरचे चरे: दोष काचेचा की डोळ्यांचा?

"डॉक्टर, रात्री गाडी चालवताना समोरच्या गाडीचा लाईट सगळीकडे पसरतो. मोतीबिंदू तर नसेल ना?" पन्नाशीच्या आसपासचे अनेक पेशंट हा प्रश्न घेऊन येतात. काहींना मोतीबिंदूची सुरुवात झालेली असते. पण काहींचे डोळे तपासल्यावर ठीक निघतात. अशा वेळी मी त्यांना बाहेर ठेवलेलं हेल्मेट आत आणायला सांगतो. त्याची काच दिव्यासमोर धरली की बारीक चऱ्यांचं जाळं दिसतं आणि कोडं तिथेच सुटतं.

उलटही घडतं. "काच जुनी झालीय, म्हणून दिसत नाही," असं म्हणत कोणी वर्षभर थांबतात आणि मोतीबिंदू वाढत राहतो. म्हणून दोष काचेचा आहे की डोळ्यांचा, हे आधी ओळखायला हवं.

चरे दिसत नाहीत, तरी त्रास का होतो?

हेल्मेटची काच डोळ्यापासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असते. आपली नजर मात्र दूरच्या रस्त्यावर असते. त्यामुळे काचेवरचे बारीक चरे आपल्याला वेगळे दिसत नाहीत. दिवसा ते जाणवतही नाहीत.

रात्री समोरच्या हेडलाईटचा झोत काचेवर पडला, की प्रत्येक चरा थोडा प्रकाश वेडावाकडा फेकतो. डोळ्यासमोर पांढुरका पडदा आल्यासारखं होतं. त्या पडद्याआड गडद कपड्यांतला पादचारी, खड्डा किंवा न रंगवलेला गतिरोधक हरवून जातो. पावसात काचेवर थेंब असले तर त्रास आणखी वाढतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. डोळे दिपून दोन सेकंद नीट दिसलं नाही, तर ३० मीटरहून जास्त रस्ता तुम्ही अंदाजाने पार केलेला असतो.

वय वाढतं तसा डोळ्याच्या आतही प्रकाश थोडा जास्त पसरू लागतो, मोतीबिंदू नसला तरीही. म्हणून एकच काच पंचविशीतल्या मुलाला चालते आणि त्याच्या वडिलांना चालत नाही. वडील तक्रार करत असतील तर ती हसण्यावारी नेऊ नका.

चऱ्यांच्या काचेमुळे डोळे खराब होत नाहीत आणि चष्म्याचा नंबरही वाढत नाही. डोळे थकणं किंवा डोकं दुखणं होऊ शकतं. खरा धोका अपघाताचा आहे.

काच की डोळा? घरी करायची तपासणी

ही तपासणी रात्री गाडी बंद करून, घराच्या अंगणात किंवा गच्चीवर उभं राहून करा. गाडी चालवताना करू नका.

१. काच स्वच्छ धुऊन कोरडी करा. चष्मा असेल तर तोही पुसून घाला.
२. काच खाली करून लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा. मग काच वर करून पाहा. काच वर केल्यावर प्रकाशाचं पसरणं थांबलं, तर दोष काचेत आहे.
३. फरक पडला नाही, तर चष्मा प्रकाशासमोर धरून त्यावर चरे आहेत का ते बघा. चष्म्याची काचही तितकीच झिजते.
४. चष्मा स्वच्छ आणि बिनचऱ्याचा असूनही प्रकाश पसरत असेल, तर एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग उलट, असं पाहा. एका किंवा दोन्ही डोळ्यांना प्रकाश पसरलेला दिसत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू, डोळ्यांचा कोरडेपणा, बदललेला नंबर अशी कारणं असू शकतात.

दिव्याभोवती रंगीत वलयं दिसून सोबत डोळा खूप दुखत असेल, लाल झाला असेल, डोकेदुखी किंवा उलटी होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. डोळ्यातला दाब अचानक वाढल्याची ती लक्षणं असू शकतात. त्याच रात्री रुग्णालयात जा.

चरे काढता येतात का?

आपण काच म्हणतो, पण बहुतेक हेल्मेटांना पॉलीकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. मार बसला तरी ते सहसा काचेसारखं फुटून डोळ्यात घुसत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याचा पृष्ठभाग मऊ असतो. म्हणून चांगल्या काचेवर चरे रोखणारा पातळ, कडक थर दिलेला असतो.

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा किंवा गाडीचं पॉलिश घासून चरे घालवायचे, असा सल्ला बरेच जण देतात. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते चरा भरून काढत नाहीत, चऱ्याच्या आजूबाजूचा भाग झिजवतात. त्यात तो कडक थरही जातो. काच दिवसा चकचकीत दिसते, पण रात्री आधीपेक्षा जास्त धूसर वाटू शकते आणि पुढचे चरे लवकर पडतात. घासलेला भाग खोलगट झाला तर त्यातून रस्ता वाकडा दिसतो.

तेल किंवा मेण लावल्यावर चरे काही काळ लपतात. मग त्यावर धूळ चिकटते आणि पावसात काच माखते. कारच्या धूसर हेडलाईटवरचा उपायही इथे चालत नाही. हेडलाईटमधून फक्त प्रकाश बाहेर पडायचा असतो. हेल्मेटच्या काचेतून आपल्याला पाहायचं असतं.

थोडक्यात, नजरेसमोरचा चरा घरी सुरक्षितपणे काढता येत नाही. कडेला, नजरेच्या वाटेबाहेर एखादा चरा असेल तर तो तसाच राहू द्या. पुढील परिस्थितीत काच बदला:

- वरच्या तपासणीत दोष काचेचा निघाला असेल.
- डोळ्यांसमोरच्या भागात नखाला जाणवणारा चरा असेल.
- काच पिवळट, धुरकट किंवा तडकलेली असेल.
- काच खाली केल्यावर जागेवर राहत नसेल.

साध्या हेल्मेटची काच सहसा नव्या हेल्मेटपेक्षा बरीच स्वस्त मिळते. ती तुमच्या हेल्मेटच्या कंपनीची आणि त्याच मॉडेलची घ्या. नवं हेल्मेट घेणार असाल तर आयएसआय खूण पाहा. रात्री फिरणाऱ्यांनी पारदर्शक काचच वापरावी, काळी नको.

चरे पडू नयेत म्हणून

बहुतेक चरे अपघाताने पडत नाहीत, रोजच्या पुसण्याने पडतात. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते प्लास्टिकपेक्षा कडक असतात. कोरड्या रुमालाने, शर्टाच्या बाहीने किंवा ओढणीने काच पुसली, की तेच कण तिच्यावर घासले जातात.

- आधी पाणी, मग हात, शेवटी कापड हा क्रम पाळा. वाहत्या पाण्याखाली धूळ जाऊ द्या. सौम्य साबणाचा थेंब बोटांनी हलकेच फिरवा, धुवा आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या.
- वाळलेले किडे खरवडू नका. ओलं कापड १० मिनिटं काचेवर ठेवा, ते सुटतात.
- पेट्रोल, रॉकेल, थिनर, सॅनिटायझर, खिडकीच्या काचा पुसायचा फवारा यांपैकी काहीही लावू नका. यातली काही द्रव्यं प्लास्टिक धूसर करतात किंवा त्यात बारीक तडे पाडतात.
- आतल्या बाजूला धुकं न धरणारा थर असेल तर तो जास्त नाजूक असतो. तिथे नुसतं पाणी पुरे.
- वाटेत ट्रकचा चिखल उडाला तर गाडी बाजूला घ्या आणि बाटलीतलं पाणी ओता. हातमोज्याने पुसू नका.
- हेल्मेट आरशाला अडकवू नका, काच खाली टेकवून ठेवू नका. डिकीत पाना, किल्ल्या यांच्यासोबत टाकू नका. एक कापडी पिशवी शिवून घ्या.

काच वर करून चालवणं हा उपाय नाही

दिसत नाही म्हणून अनेक जण काच वर करून जातात. मग संध्याकाळचे किडे, खडी, उसाच्या ट्रॉलीतून उडणारं पाचट थेट डोळ्यात येतं. डोळ्यात काही गेलं तर:

- गाडी थांबवा. डोळा चोळू नका.
- स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, पापण्यांची उघडझाप करा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हात धुऊन काढा.
- रुमालाच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने कण काढायला कुणाला सांगू नका.
- मध, तूप, एरंडेल घालू नका. मेडिकलमधून स्वतःहून थेंब आणू नका. अशा थेंबांत स्टेरॉईड असेल आणि बुबुळावर बुरशीचा संसर्ग असेल, तर जखम झपाट्याने वाढते.

धुतल्यावरही टोचत असेल, पाणी येत असेल, प्रकाश सहन होत नसेल, दिसायला कमी वाटत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. गवत, पाचट, धान्याचं कूस अशा गोष्टी लागल्या असतील तर त्रास कमी असला तरी दाखवा. बुरशीचा संसर्ग काही दिवसांनी डोकं वर काढतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी गाडी कधी सुरू करायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. त्या दिवशी हेल्मेटची काचही तपासा. डोळ्यातली नवी लेन्स स्वच्छ आणि बाहेरची काच जुनीच, असं असेल तर ऑपरेशन करूनही रात्रीचा त्रास तसाच वाटेल.

आज रात्री घरातली सगळी हेल्मेटं बाहेर काढा आणि एकेक काच दिव्यासमोर धरा. पाच मिनिटांचं काम आहे. वडिलांचं हेल्मेट आधी घ्या.