करडू कुणाच्या नावावर?

आज आम्ही अमेरिकेतल्या पोरापोरींच्या जनावरांबद्दल सांगणार आहोत. हसू नका, विषय आपल्या गोठ्यापासून फार लांबचा नाही.

तिथं खेड्यापाड्यांत मुलामुलींचे ‘फोर-एच’ नावाचे क्लब असतात. चार पानांची हिरवी खूण. डोकं, मन, हात आणि आरोग्य अशा चार शब्दांची ती चार पानं. सुरुवात 1902 ची. ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा अधीक्षकांनी शनिवारी मुलांना जमवून माती तपासणं, मक्याचं बियाणं निवडणं असे उद्योग लावले. मोठी माणसं नवी पद्धत लवकर ऐकत नाहीत, पण पोरानं करून दाखवलं की बाप बांधावर येऊन बघतो. हे काही अमेरिकेपुरतं नाही!

मुलींची गोष्ट आम्हाला जास्त आवडली. 1910 साली दक्षिण कॅरोलिनात मेरी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येकीला एकराचा दहावा भाग, म्हणजे बरोबर आपले 4 गुंठे. मुलींनी टोमॅटो लावायचे, डब्यांत टिकवायचे, विकायचे आणि कमाई आपली आपण ठेवायची.

आता जनावरांचं. साधारण 8 ते 18 वर्षांची मुलं वासरू, डुक्कर, मेंढी किंवा शेळी घेतात. जत्रेच्या कित्येक महिने आधी जनावराचं वजन होतं, कानात बिल्ला मारला जातो. म्हणजे ऐनवेळी बाजारातून धष्टपुष्ट जनावर आणून मिरवता येत नाही. मग रोजचं खाणं-पाणी, साफसफाई आणि सगळी नोंद वहीत. पिलू कितीला घेतलं, खुराकाला किती गेले, औषध कधी टोचलं. औषधाची तारीख तर लिहायलाच हवी, कारण त्यानंतर ठरावीक दिवस जनावर कापायला चालत नाही.

जत्रेत परीक्षक जनावराच्या पाठीवर, मांडीवर हात फिरवून बघतात. एक स्पर्धा तर जनावराची नसतेच, हाताळणाऱ्या मुलाची असते: जनावर नीट चालवता येतं का, विचारलेलं सांगता येतं का. शेवटी लिलाव होतो. गावातले दुकानदार, व्यापारी पुष्कळदा बाजारापेक्षा चढ्या भावानं घेतात. आमच्या मते तो खरा भाव नव्हे, ते कौतुक आहे. त्यावर धंद्याचा हिशेब मांडू नये.

लिलावानंतर पुष्कळशी जनावरं खाटकाकडे जातात. पोरांना हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तरी मुलं रडतात. कुणी त्यांना गप्प बस म्हणून दटावू नये. आपल्याकडं बोकड विकला त्या दिवशी न जेवणारी पोर घरोघरी आहे.

फरक आहे तो पुढं. तिथं पैसे त्या मुलाच्या नावावर जातात, आणि वहीतला खुराकाचा खर्च वजा करून नफा किती उरला हे त्यालाच काढावं लागतं. आपल्याकडं शेळ्या चारते मुलगी, पाला आणते मुलगी, आणि सौदा कोण करतं? हेडी दारात येतो, नजरेनं तोलतो, उक्ता आकडा सांगतो. वजन झालेलंच नसतं, मग घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

यासाठी आपल्याला जत्रा नको, लिलाव नको. गटातल्या प्रत्येक घरानं एक करडू मुलीच्या नावावर लिहावं. अर्धलीची शेळी असेल तर मालकाशी आधीच बोलून घ्यावं, नाहीतर वाटणीच्या दिवशी तंटा ठरलेला. खर्च वहीत, आणि विक्रीचे पैसे तिच्या बचत खात्यात. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचायची ती वही मुलीनंच.

वजनाचं गणित सोपं आहे. समजा करडू 12 किलोचं होतं आणि 60 दिवसांनी 16 किलो 200 ग्रॅम भरलं. वाढ 4,200 ग्रॅम, भागिले 60, रोजची 70 ग्रॅम. पुढच्या दोन महिन्यांत हा आकडा खाली आला तर जंत झाले का, खुराक कमी पडतो का, हे लगेच बघता येतं. गटात मिळून एक ताणकाटा घेतला तरी सगळ्यांचं भागतं. करडू झोळीत घालून टांगायचं. वजन मात्र दर वेळी सकाळी, चारा-पाणी दाखवण्याआधी घ्या. भरल्या पोटी काटा खोटं बोलतो.