जनरल पेरॉन : मराठ्यांच्या फौजेतला फ्रेंच सेनापती

विद्यार्थी मित्रांनो, सातवीच्या इतिहासात महादजी शिंदे येतात. त्यांच्या कवायती फौजेचं नाव निघालं की डी बॉइनचं नाव हमखास सांगितलं जातं. त्याच्यानंतर ही फौज ज्याच्या हातात गेली त्या पेरॉनबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आज त्याचीच माहिती घेऊया.

आधी एक प्रश्न. मराठ्यांना परदेशी सेनापतीची गरजच का पडली? आपल्या पिंपरी-चिंचवडहून लोकलने लोणावळ्याकडे निघालं की तळेगावच्या पुढे वडगाव लागतं. जानेवारी 1779 मध्ये तिथेच मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडून तह करायला लावला. त्यात महादजी शिंद्यांचा मोठा वाटा होता. रसद तोडली, चारापाणी मिळू दिलं नाही, चारी बाजूंनी घेरलं. मावळात ही गनिमी पद्धत चालली. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1780 मध्ये, इंग्रजांच्या छोट्या तुकडीने रात्रीत शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. उत्तरेच्या मोकळ्या मैदानात रांगेने उभं राहून एका हुकमावर गोळी झाडणारं पायदळ किती भारी पडतं, हे महादजींनी ओळखलं. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची पलटण त्यांनी पाहिलेलीच होती.

म्हणून 1784 मध्ये त्यांनी डी बॉइनला नोकरीत घेतलं. बरेच जण त्याला फ्रेंच म्हणतात, पण तो सॅव्हॉय प्रांतातला. त्याच्या जन्माच्या वेळी तो प्रांत फ्रान्समध्ये नव्हता. सुरुवात फक्त दोन पलटणींनी झाली. पुढे पाटण आणि मेडता या 1790 च्या लढाया या फौजेने जिंकल्या आणि तिचे 'कंपू' उभे राहिले. एका कंपूत दहा पलटणी, सोबत तोफखाना. आग्र्याला तोफा-बंदुकांचा कारखाना. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पगार वेळेवर! त्यासाठी यमुना-गंगेच्या दुआबातला सुपीक मुलूख तोडून दिलेला होता. त्या काळात बहुतेक फौजांचे पगार महिनोन्‌महिने थकायचे, त्यामुळे शिपाई इथे टिकून राहिला यात नवल नाही.

आता पेरॉन. त्याचं खरं नाव पिएर क्युइये. फ्रान्समधल्या शातो-द्यु-लुआर या गावच्या कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा. 1780 मध्ये फ्रेंच जहाजावरचा खलाशी म्हणून तो हिंदुस्थानात आला आणि मलबारच्या किनाऱ्यावर जहाज सोडून पळाला. चालत, धडपडत उत्तरेत पोहोचला आणि गोहदच्या राण्याच्या फौजेत शिरला. 1790 मध्ये डी बॉइनच्या हाताखाली आला. कानौडच्या वेढ्यात हातबॉम्ब फुटून त्याने एक हात गमावला. तरी माणूस मागे हटला नाही, हे मान्य करायलाच हवं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती. जानेवारी 1793 मध्ये तिथल्या राजाचा शिरच्छेद झाला आणि साध्या घरातली मुलं तिकडे सेनापती होऊ लागली. पेरॉनही साध्याच घरातला, पण त्याची बढती इकडे दौलतीत झाली!

मार्च 1795 ची खर्ड्याची लढाई तुम्हाला माहीत असेल. खर्डा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. निजामाच्या बाजूने रेमंड नावाचा फ्रेंच अधिकारी होता, तर शिंद्यांची कवायती फौज पेरॉनकडे. म्हणजे बघा, दोन फ्रेंच माणसं महाराष्ट्राच्या मातीत एकमेकांवर तोफा डागत होती. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला आणि त्याला तह करावा लागला. पेशव्यांच्या झेंड्याखाली मराठे सरदार एवढ्या संख्येने एकत्र आले ते इथेच शेवटचे.

महादजी फेब्रुवारी 1794 मध्येच पुण्याजवळ वानवडीला वारले होते. डी बॉइनही युरोपला परतला आणि दौलतराव शिंद्यांच्या काळात पेरॉन सरसेनापती झाला. अलीगढला त्याचं ठाणं. दुआबाचा महसूल त्याच्या हातात, दिल्लीच्या बादशहावर त्याचा पहारा. 1800 मध्ये मालपुऱ्याला त्याने राजपुतांचा पराभव केला. पण 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेला झोडपलं, तेव्हा दौलतरावांनी मागितलेली कुमक त्याने पाठवली नाही. धन्याचा विश्वास तिथूनच उडाला.

तिकडे इंग्रज गव्हर्नर जनरल वेलस्ली टपून बसला होता. 1798 मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरल्यापासून, यमुनेकाठी फ्रेंचांचं राज्य तयार होतंय अशी ओरड तो करत होता. त्यात भीती किती आणि निमित्त किती? मला तर निमित्तच जास्त वाटतं.

1803 मध्ये युद्ध पेटलं. ऑगस्टच्या अखेरीस जनरल लेक अलीगढला पोहोचला. पेरॉनचं घोडदळ जवळजवळ न लढताच मागे फिरलं. त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांची नेमणूक झाल्याचं कळताच त्याने राजीनामा दिला आणि कुटुंबासह इंग्रजांच्या आश्रयाला गेला. अलीगढचा किल्ला 4 सप्टेंबरला पडला. इंग्रजांना वाट दाखवणारा ल्युकन आधी शिंद्यांच्याच नोकरीत होता. इतर बऱ्याच युरोपियन अधिकाऱ्यांनीही साथ सोडली.

'फितुरी झाली' एवढं लिहून आपण उत्तर संपवतो. पण मला वाटतं, दोष त्याच्या आधीपासून होता. आपल्या चाकणच्या कंपनीत बाहेरचा साहेब येतो, मशीन बसवतो, चालवून दाखवतो. आपल्या पोरांनी ते सेटिंग शिकून घेतलं नाही तर साहेब गेल्यावर काय होणार? शिंद्यांच्या कंपूत शिपाई, गोलंदाज, जमादार इथले होते, पण वरच्या जागा जवळजवळ सगळ्या परदेशी अधिकाऱ्यांच्या. दहा पलटणी एकदम हलवायच्या कशा, हे आपल्या माणसांना शिकवायची सोयच केली गेली नाही. इतकी वर्षं हाताशी होती तरी!

आणि शिपाई? ते पळाले नाहीत. 23 सप्टेंबरला असईच्या (आज जालना जिल्हा) लढाईत गोलंदाज तोफांपाशीच मारले गेले. 1 नोव्हेंबरला लासवारीला तर वरचे परदेशी अधिकारी नसतानाही या पलटणी अशा लढल्या, की खुद्द लेकने त्यांच्या शौर्याची कबुली दिली. त्यांच्यावर त्यांच्यातलेच सेनापती असते तर, हा विचार मनात येतोच. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि दुआब, दिल्ली, आग्रा शिंद्यांच्या हातून गेलं.

पेरॉन मोठी संपत्ती घेऊन फ्रान्सला परतला आणि 1834 मध्ये तिथेच वारला. त्याच्या घोडदळातले बरेच स्वार दिल्लीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे आले. त्यांनी आपला सरदार म्हणून जेम्स स्किनरला निवडलं. याच स्किनरला पेरॉनने त्या वर्षी नोकरीवरून काढलं होतं. त्या स्वारांपासून उभी राहिलेली 'स्किनर्स हॉर्स' ही रेजिमेंट आजही भारतीय लष्करात आहे, फक्त घोड्यांच्या जागी आता रणगाडे आहेत.